अपयशानंतर पुन्हा कर्मारंभ

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायास ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव आहे. विषादालाही योग म्हणावे, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु धनुष्य खाली ठेवल्यावर अर्जुन रणभूमी सोडून गेला नाही. तो रथातच बसला आणि आपल्याला काय कळत नाही ते त्याने मोकळेपणाने सांगितले. त्यामुळेच तो विषाद पुढील ज्ञानाचे द्वार ठरला.

गृहस्थाश्रमी मनुष्यावर असा प्रसंग बहुधा उपजीविकेच्या क्षेत्रात येतो. नोकरी सुटते, दुकान बसते, किंवा जिच्यासाठी घरच्यांनी पदरमोड केली ती विद्या ऐन वेळी उपयोगी पडत नाही. अशा वेळी पुढचे पाऊल कसे टाकावे, याचा बोध महात्मा गांधींच्या पूर्ववयातील एका प्रसंगावरून चांगला होतो. तो त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथेत निःसंकोचपणे नमूद केला आहे.

१८९१ मध्ये गांधीजी बॅरिस्टर होऊन स्वदेशी परतले. वडील बंधूंनी त्यांच्यासाठी मोठा खर्च सोसला होता व आता घराला बरे दिवस येतील अशी त्यांची आशा होती. गांधीजींनी मुंबईस बिऱ्हाड केले. लघुवाद न्यायालयात ३० रुपये फीचे पहिले काम मिळाले. वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी घ्यावयाची होती. ते उभे राहिले खरे, पण पाय कापू लागले, डोके गरगरले आणि विचारावयास एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले. हे काम आपणास जमणार नाही, फी परत घ्यावी, असे त्यांनी सांगितले. ५१ रुपये देऊन दुसऱ्या वकिलाची योजना झाली. पुढे एका शाळेत रोज तासभर इंग्रजी शिकविण्याच्या, ७५ रुपयांच्या जागेसाठी त्यांनी प्रयत्न केला. परंतु ते पदवीधर नसल्यामुळे तेथेही नकार मिळाला.

याच दिवसांत पोरबंदरचा एक गरीब मुसलमान गृहस्थ त्यांच्याकडे आला. त्याची जमीन जप्त झाली होती. गांधीजींनी त्याचा अर्ज विनामूल्य लिहून दिला व मित्रांना वाचून दाखविला. तो सर्वांना पसंत पडला. वाणी अडखळली होती, पण लेखणी शाबूत होती, हे त्यांना तेव्हा उमगले. मुंबईचे बिऱ्हाड मोडून ते राजकोटास गेले आणि अर्ज व निवेदने लिहून दरमहा सरासरी ३०० रुपये मिळवू लागले. हे काम बहुतांशी बंधूंच्या ओळखीने मिळत असे, हेही त्यांनी लपविलेले नाही.

पुढे दादा अब्दुल्ला यांच्या पेढीकडून दक्षिण आफ्रिकेचे बोलावणे आले. मुदत एक वर्षाची व मोबदला १०५ पौंड. हे जाणे बॅरिस्टरचे नसून पेढीच्या नोकराचे होते, हे त्यांना पूर्ण कळत होते. तरीही पत्नी व दोन मुले मागे ठेवून ते एप्रिल १८९३ मध्ये निघाले. तेथील दावा सुमारे ४०,००० पौंडांचा होता आणि त्याचे सारे मर्म हिशेबात होते. जमाखर्चाचे ज्ञान नव्हते, म्हणून त्यांनी त्या विषयाचे पुस्तक विकत आणून अभ्यास केला. कागदपत्र बारकाईने पाहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की, दावा लांबला तर दोन्ही नातलग पक्ष धुळीस मिळतील. त्यांनी लवाद नेमण्यास उभयतांना राजी केले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागल्यावर, हरलेल्याचे दिवाळे निघू नये म्हणून रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी घेण्यासही त्यांनी आपल्या अशिलाचे मन वळविले. दुभंगलेल्यांना एकत्र आणणे हेच वकिलाचे खरे कार्य, ही जाणीव त्यांना येथे झाली आणि पुढील वीस वर्षांच्या वकिलीतील बराच काळ अशा तडजोडींतच गेला.

या वृत्तान्तातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, व्यवसायात हार झाली तर नेमके काय हरले ते पाहावे. मुंबईत केवळ न्यायालयातील भाषण फसले होते. कायद्याचे ज्ञान व प्रामाणिकपणा यांना धक्का लागला नव्हता. दुसरी, समोर आलेले काम मानाने लहान असले तरी ते मनापासून करावे. आपला खरा गुण कोठे आहे हे पुष्कळदा अशाच कामात प्रत्ययास येते. तिसरी, नवे शिकण्याची लाज धरू नये. चाळिशी उलटलेल्या गृहस्थाला हे अधिक जड जाते, कारण कालपर्यंत इतर लोक त्याला विचारीत असत.

अनेक गृहस्थ अपयश घरापासूनही लपवितात. नोकरी गेल्यावरही नित्याच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतात आणि दिवस कोठेतरी घालवून परततात. त्यात कर्जही वाढते व मनही खचते. त्यापेक्षा पत्नीस व घरातील वडीलधाऱ्यांस जवळ बसवून वस्तुस्थिती सांगावी, खर्चाची नवी मर्यादा ठरवावी आणि आपल्याला अजून काय काय करता येते याची यादी एकत्र बसून करावी. त्या यादीतील एका कामास दुसऱ्याच दिवशी हात घालावा. ते काम अर्ज लिहिण्याइतके साधे असले तरी चालेल.