बेअरिंगबरोबर हबही तपासा

मागच्या चाकाचं बेअरिंग बदललं आणि काही महिन्यांत तीच घरघर पुन्हा सुरू झाली, असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो : हब जुनंच ठेवलं होतं का? बेअरिंगला दोष देणं सोपं असतं, कारण आवाज त्यातून येतो. पण बेअरिंग ज्यावर बसतं ते हब आणि ज्यात बसतं ते नकल, हे दोन्ही ठीक नसतील तर कितीही चांगल्या कंपनीचं बेअरिंग आणा, ते टिकणार नाही. माझ्या गाडीवर हे अनुभवलं म्हणून तपशिलात लिहितो आहे.

गाडी पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली. हिरोशिमात बनलेली, दोन माणसांची, कापडी छताची, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. वजन हजार किलोच्या आत. जुन्या स्पोर्ट्स कारची हौस असलेल्या आणि परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये तिचे चाहते बरेच आहेत, कारण ती घेणंही परवडतं आणि घरच्या घरी दुरुस्त करणंही. मी इंग्लंडमध्ये राहतो. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि ते मीठ तीस वर्षांत गाडीच्या खालच्या प्रत्येक बोल्टात, प्रत्येक फटीत जाऊन बसतं. पुढे जे सांगणार आहे त्यातला निम्मा त्रास या मिठाचा आहे.

गाडी घेतली तेव्हा कागदपत्रांत मागच्या डाव्या बेअरिंगची पावती होती. काम एका गॅरेजमध्ये झालेलं, फार जुनंही नव्हतं. त्यामुळे ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे मागून हुंकारासारखा आवाज येऊ लागला तेव्हा सगळ्यांचा संशय टायरवर गेला. तो संशय चुकीचा नसतो. टायर खडबडीत झिजला की अगदी असाच आवाज करतो. म्हणून पहिली परीक्षा बिनखर्चाची : पुढचे टायर मागे, मागचे पुढे. आवाज जागा बदलतो का ऐका. माझ्या गाडीचा बदलला नाही. दुसरी परीक्षा रिकाम्या रस्त्यावरच्या लांब वळणावर. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, तेव्हा आवाज वाढला तर डाव्या बाजूकडे बघायचं. तो वाढत होता.

इथे एक सांगायलाच हवं. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवतात आणि ते डगमगलं नाही की बेअरिंग ठणठणीत असल्याचा निकाल देतात. हे पुरेसं नाही. छर्‍यांची धाव खडबडीत झाली तरी चाकात ढिलाई येईलच असं नाही. ढिलाई ही फार पुढची अवस्था आहे. त्यापेक्षा गाडी स्टँडवर पक्की उभी करा, हँडब्रेक सोडा, एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा. कानाला न कळणारी करकर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. मग दुसऱ्या बाजूचं चाक तसंच फिरवून फरक बघा. इथल्या वार्षिक एमओटी तपासणीतही ढिलाईबरोबर बेअरिंगचा खडबडीतपणा बघतात.

उघडण्याआधी बेअरिंग, हब, नवा ॲक्सल नट, सर्क्लिप आणि खालच्या विशबोनचा लांब बोल्ट, हे सगळं हाताशी हवं. बोल्ट कशाला, असं वाटेल. या गाडीच्या मागच्या नकलचा खालचा भाग एका लांब बोल्टवर धरलेला असतो आणि मिठाच्या प्रदेशात तो बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव होतो. आधीचे काही दिवस रोज गंज सोडवणारं तेल सोडा, तरीही निघेलच याची खात्री नाही. माझा शेवटी करवतीने कापावा लागला. बोल्ट कापल्यावर बुशही शाबूत राहतात असं नाही, त्यामुळे त्यांचीही सोय बघून ठेवलेली बरी. गाडी स्टँडवर लटकलेली आणि सुट्टा भाग येईपर्यंत आठवडा, अशी वेळ आली की माणूस घाईने जुनाच भाग परत बसवतो.

ॲक्सल नटाला माझ्या गाडीला २९ मिलिमीटरची गोटी लागली. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून दाबलेली असते, ती आधी छन्नीने उचला, नाहीतर शाफ्टचे आटे खराब होतील. नट सैल करायचा तो चाकं जमिनीवर असताना, ब्रेक दाबून. पण नट सैल झाल्यावर गाडी चाकांवर ढकलू नका, अगदी गल्लीत वळवून घेण्यापुरतीही नाही. या बेअरिंगची आतली कडी दोन भागांत असते आणि नटाच्या आवळण्यानेच ते भाग एकमेकांना धरून राहतात, छर्‍यांवर योग्य दाब राहतो. तो दाब नसताना गाडीचा भार आला तर चांगलं बेअरिंगही जातं. शाफ्ट हबमध्ये अडकला असेल तर त्याच्या टोकावर लोखंडी हातोडा मारू नका, पुलर लावा. सुटल्यावर शाफ्ट लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. ब्रेकचं कॅलिपरही तसंच; त्याचा भार होजवर टाकू नये.

माझ्या बाबतीत सगळं उलगडलं ते नकल प्रेसखाली गेल्यावर. हब दाबून बाहेर काढलं की बेअरिंगच्या आतल्या कडीचा बाहेरचा भाग हबलाच चिकटून येतो. तो पुलरने किंवा कापून काढावा लागतो. माझ्या हबवरचा तो भाग जवळजवळ हातानेच सरकला. त्याखालची जागा चकचकीत घासलेली, आणि शेजारीच ग्राइंडरने पडलेला खोल चरा. म्हणजे मागच्या दुरुस्तीत जुनी कडी कापताना पातं हबच्या अंगात घुसलं होतं, आणि त्याच हबवर नवं बेअरिंग चढवलं होतं. कडीला घट्ट पकड मिळाली नाही, ती हबवर हळूहळू फिरत राहिली आणि हब आणखी झिजवत गेली. बेअरिंगच्या बाहेरच्या कडीत, छर्‍यांच्या वाटेवर, सारख्या अंतरावर बारीक खड्डे होते. ती खूण चुकीच्या जागी दाब दिल्याची.

हा दाबाचा नियम पाठ करून ठेवा. बेअरिंग नकलमध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या कडीवर. हब बेअरिंगमध्ये बसवताना पाठीमागून आधार फक्त आतल्या कडीला. यातलं एकही उलटं झालं तर प्रेसचा सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि नवं बेअरिंग गाडीवर चढण्याआधीच निकामी होतं. ते हाताने फिरवून कळत नाही. भार आला की कळतं. बाहेरच्या कडीच्या मापाचा गोल तुकडा नसेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी वापरा, मात्र तिला आधी एक चीर द्या, म्हणजे ती आत अडकणार नाही. नकलमधला गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा, बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, हवं तर नकल थोडं गरम करा. बेअरिंगला ज्योत कधीही दाखवू नका. आणि सर्क्लिप हब बसवण्याआधी. हब बसल्यावर ती जागा झाकली जाते आणि सर्क्लिप राहिली असेल तर सगळं पुन्हा काढावं लागतं, म्हणजे आणखी एक नवं बेअरिंग. हब एकदा दाबून काढलं की बेअरिंग पुन्हा वापरता येत नाही. ‘उघडून बघू, ठीक असेल तर परत बसवू’ हा पर्याय इथे नाहीच.

जुनं हब ठेवायचं का नवं घ्यायचं, हे मोजून ठरवा. मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर निदान एवढं बघा : नवी आतली कडी हबवर हाताने सरकत असेल तर ते हब भंगारात टाका. त्या जागी पंचने टोचे मारून ती फुगवणं किंवा चिकटद्रव्य लावून भागवणं मला मान्य नाही. हे मागचं चाक आहे, वळणात गाडीचा तोल त्यावर असतो. आतल्या दात्यांची झीज आणि चाकाचे स्टडही तेव्हाच बघा. भंगारातून दुसऱ्या गाडीचं हब आणायचा मोह होतो, पण तेही तेवढंच जुनं आणि त्याच मिठातून फिरलेलं असतं. बेअरिंगच्या खोक्यावरच्या नावावरही आंधळा विश्वास नको. एनएसके, एनटीएन, एसकेएफ अशा नावांची बनावट बेअरिंगं बाजारात येतात. फार स्वस्त मिळत असेल तर सोडून द्या. चाकं बाहेर काढणारे स्पेसर लावले असतील तर तेही काढा. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर पिळा जास्त.

नवा नट टॉर्क रेंचनेच आवळायचा, इम्पॅक्ट गनने नाही. मॅन्युअलमधला आकडा २०० न्यूटन मीटरच्या वर आहे, त्यामुळे छोटा रेंच चालत नाही. मोठा भाड्याने मिळतो. आवळून झाल्यावर नटाची कड बोथट पंचने खाचेत दाबा. विशबोनचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पक्के करू नका. रबरी बुश असलेल्या सांध्यांना गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. विशबोनच्या आतल्या टोकाला चाकांची दिशा ठरवणारे बोल्ट असतात, त्यांना हात लावला नसेल तरीही नंतर अलाइनमेंट तपासून घ्या.

काम गॅरेजला देणार असाल तर गाडी सोडताना दोन गोष्टी मागा : जुने भाग परत, आणि हब काढल्यावर त्याच्या बेअरिंगच्या जागेचा फोटो. चांगला मेकॅनिक यावर रागावत नाही. माझ्या गाडीचं उजवं बेअरिंग अजून शांत आहे म्हणून त्याला मी हात लावलेला नाही, पण त्या बाजूचं नवं हब आणि लांब बोल्ट आणून ठेवला आहे.