‘ऑप्ट आउट’ करण्याआधी

चि. बंडूस,


लिपिक-टंकलेखकाच्या यादीत तुझं नाव आल्याचं मला वहिनीकडून कळलं, आणि तू ती जागा सोडायच्या विचारात आहेस हे दादाकडून. फोनवर तू ‘आत्या, तुला नाही कळणार’ म्हणून विषय संपवतोस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. यादीतून बाहेर पडायची, म्हणजे ऑप्टिंग आउटची, मुदत फार दिवसांची नसते असं ऐकलं, तेव्हा स्पीड पोस्टनंच पाठवते आहे.

तुझं म्हणणं मला समजलंय ते असं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, रोज तासन् तास लिहायचा सराव हवा, तो नोकरी करून होणार नाही. पगाराची एकदा सवय लागली की माणूस तिथंच रुततो. आणि उपजिल्हाधिकारी व्हायला पुण्याला गेलेला पोरगा शेवटी कारकून झाला, असं गाव म्हणेल. हा शेवटचा मुद्दा तू बोलला नाहीस, पण तुझ्या आवाजात होता. इतकी वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाजच तर ऐकले मी.

माझी नोकरी म्हणजे ‘टेलिफोन खात्यात’ एवढंच तुम्हां मुलांना ठाऊक आहे. त्याआधी मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे. मार्केट यार्डातले हळदीचे अडते, त्यांचे हमाल, कोपऱ्यावरचा चहावाला. दोन रुपये, पाच रुपये. चहावाल्याकडे मी रोज एकाच वेळेला जायचे, तर तो पैसे बाजूला काढून ठेवायचा. तासभर उशीर झाला की ते पैसे दूधवाल्याला गेलेले असायचे. हे काम कुठल्याही बायोडेटात लिहिण्यासारखं नव्हतं. पण गिऱ्हाईक सांभाळणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं, आणि पुढे काउंटरवर बसले तेव्हा तेच उपयोगी पडलं.

१९८६ साली ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागले. समोर बोर्ड, त्यावर भोकांच्या रांगा, हाताशी दोऱ्यांच्या जोड्या. लोक १८० फिरवून कॉल बुक करायचे. ऑर्डिनरी की अर्जंट, नंबर लावायचा की पीपी, म्हणजे ठरावीक माणसालाच बोलवायचं, हे सगळं तिकिटावर लिहून घ्यायचं. नंबर लागला की दोरी खोचायची, वेळ टिपायची, आणि तीन मिनिटं होत आली की मध्ये बोलायचं, ‘थ्री मिनिट्स, एक्स्टेंड करू?’ पलीकडे कुणी मयताची बातमी सांगत असायचं, कुणी लग्नाची सुपारी फुटल्याची. आकडा एकदा ऐकला की बिनचूक लिहायचा, समोरचा रडत असला तरी पुन्हा विचारायची वेळ येऊ द्यायची नाही, ही आमची खरी विद्या.

मग एसटीडी आलं. पिवळ्या पाटीचे बूथ गल्लोगल्ली उघडले. रात्री अकरानंतर पाव दर म्हणून लोक तिथं रांगा लावायला लागले आणि आमच्या बोर्डावरचे दिवे कमी कमी होत गेले. मला १९७ ला, चौकशीला बसवलं. नंतर बिलाच्या तक्रारी, नंतर ब्रॉडबँडचे अर्ज. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभरातून अठ्ठ्याहत्तर हजारांवर माणसं एकाच दिवशी बाहेर पडली, त्यांत मीही होते. नोकरी कायम होती, मात्र काम कधीच कायम नव्हतं. आता सकाळी चार तास एका पॅथॉलॉजी लॅबचा फोन घेते. घाबरलेल्या माणसाला रिपोर्टचा आकडा स्पष्ट आणि हळू वाचून दाखवायचा. म्हणजे काम तेच, फक्त बोर्ड गेला.

हे सगळं मोठेपणा म्हणून सांगत नाही. तू, दादा आणि तुझ्या खोलीतली मुलं पदाच्या नावावर अडकला आहात असं मला वाटतं, म्हणून सांगते. उपजिल्हाधिकारी म्हणजे काय असं विचारलं तर तुम्ही गाडी, बंगला, शिपाई, ‘साहेब’ इथपर्यंत सांगता. तो माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नक्की काय करतो, हे विचारलं की गप्प. प्रांत म्हणून बसला तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २४७ खालची अपिलं ऐकतो. दोन भाऊ, एक बांध, चाळीस वर्षांपूर्वीचा फेरफार. भूसंपादनाच्या फायली, निवडणुकीच्या याद्या. यातलं तुला काय आवडेल याचा विचार केलास का? आवडणार असेल तर आनंदच आहे. पण आधी बघ तरी.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा आम्ही काही दिवस शाळेतल्या निवाऱ्यात होतो, तुला आठवत असेल. तिथं साहेबही येऊन गेले. पण माझ्या लक्षात राहिली ती महसूल खात्यातली एक पोरगी, तुझ्याएवढीच. डेस्कवर पाय दुमडून बसायची आणि सानुग्रह अनुदानासाठी नावं, आधार, बँकेचे खातेक्रमांक उतरवून घ्यायची. पासबुकं भिजलेली, शाई फुटलेली. ती प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचायची आणि म्हातारीकडून वदवून घ्यायची, मगच पुढचा लिहायची. मागची रांग ओरडत होती. तिनं घाई केली नाही. एक आकडा चुकला असता तर त्या म्हातारीचे पैसे महिनोन्‌महिने कुठल्या कुठे फिरत राहिले असते, हे तिला कळत होतं. ती कारकूनच होती, बंडू.

आता तुझे मुद्दे.

वर्णनात्मक लिहायचा सराव. अरे, सरकारी कचेरीत दुसरं काय करतात? चांगली टिपणी म्हणजे काय असतं ते एखाद्या जुन्या अव्वल कारकुनाला विचार. प्रकरण काय आहे, नियम काय म्हणतो, पूर्वी अशा प्रकरणात काय झालं आणि आता काय करावं, हे सगळं एका पानात, आणि वरच्या माणसाला पुन्हा फाइल उलटी पाठवायची वेळ येऊ नये असं. नव्या मुख्य परीक्षेत तुमच्याकडून याहून वेगळं काय मागतात? क्लासच्या छापील नोट्स पाठ करून आलेली उत्तरं तपासणाऱ्याला लगेच ओळखू येत असणार, असा माझा अंदाज आहे. पेपर तपासणारी मी नाही, पण पाठ केलेली वाक्यं बोलणारे लोक फोनवर मी खूप ऐकलेत.

रुतण्याची भीती खरी आहे. पण माणूस पगारात रुतत नाही, हप्त्यात रुततो. पहिल्या वर्षात बाइकचं कर्ज काढू नकोस, फ्लॅटचं तर नावच नको, आणि दादा लग्नाचा विषय काढेल तेव्हा सरळ मला फोन लाव. रुजू झाल्याबरोबर साहेबांना सांग की मी राज्यसेवा देणार आहे, अर्ज रीतसर कार्यालयामार्फत आणि परवानगीनं करेन. लपवून अभ्यास करणारा कारकून सगळ्यांच्या डोळ्यांवर येतो. सकाळचे दोन-अडीच तास स्वतःचे ठेव. ते निघत नसतील तर नोकरी नसतानाही दिवसाचे दहा तास निघत नव्हते हे मान्य कर. तुमच्या अभ्यासिकेत खुर्चीवर वही ठेवून शास्त्री रोडला चहा प्यायला गेलेली मुलं मी डोळ्यांनी पाहिलीत.

आणि वाट बघण्याचं गणित एकदा मांड. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांवर. एका जागेला दोनशेपेक्षा जास्त माणसं. ती तर तलाठ्याची जागा, तुझी आशा तिच्याही पुढची आहे. एप्रिल २०२० ला ठरलेली राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे ढकलत ढकलत २१ मार्च २०२१ ला झाली. त्या मार्चमध्ये पुन्हा पुढे गेली म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली होती, तुझ्या रूममधले सीनियर सांगत असतील. त्या वर्षभरात कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचे पैसे कुणाच्या बापानं कसे भरले, याची नोंद कुठेच नाही. परीक्षा कधी होईल हे तुझ्या हातात नाही. तोवर कुणाच्या जिवावर बसायचं, हे आहे. खुल्या गटाला अडतीस आणि मागासवर्गीयांना त्रेचाळीस अशी वयाची मर्यादा ठेवली ती सवलत म्हणून. तुमच्या खोलीत तिची मुदतठेव झाली आहे.

चाकणच्या कंपनीतलं वर्ष ‘वाया गेलं’ म्हणतोस, तेही मला पटत नाही. ट्रेनी म्हणून क्वालिटीला होतास ना? गो-नोगो गेजचं तूच मला दिवाळीत समजावून सांगितलं होतंस. गो बाजू आत गेली पाहिजे आणि नोगो जाता कामा नये. नोगो गेली की पार्ट रिजेक्ट. आणि महिन्याच्या शेवटी डिस्पॅच अडलेला असताना सुपरवायझर ‘जाऊ दे रे’ म्हणाला, तेव्हा तू तो पार्ट लाल ट्रेमध्येच ठेवलास, हेही तूच सांगितलंस. पुढे अधिकारी झालास तर फायलीवर सही करताना याहून वेगळं काय करायचं असतं? मुलाखतीत छंद विचारले की वाचन, ट्रेकिंग सांगणारे ढिगानं असतील. तू हा लाल ट्रे सांग.

गाव काय म्हणेल, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. गाव म्हणणारच. नारायण सुर्वे गिरणीत राबले, मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि त्याच दरम्यान कवितेत जे करायचं ते करून गेले. त्यांना पद्मश्री मिळाल्यावर शिपाईपण कुणी काढलं नाही. सगळ्यांचं सुर्व्यांसारखं होत नाही हे मलाही कळतं. पण शिपायाच्या नोकरीनं त्यांचं काही अडलं नाही, एवढं तरी त्यातून घे.

तरीही एक गोष्ट मी तुझ्या बाजूनं बोलते. ‘तीन महिने पगार घेतो, दुसरा निकाल लागला की सोडतो’ एवढ्यासाठीच रुजू होणार असशील तर खुशाल ऑप्ट आउट कर. यादीत तुझ्याखाली एक मुलगा किंवा मुलगी बसली आहे आणि तिला ती जागा खरंच हवी आहे. ती अडवून ठेवायची आणि नंतर रिकामी टाकायची, हे मला मुळीच आवडणार नाही. रुजू व्हायचं तर टेबलावरचं काम मनापासून करायचं आणि राज्यसेवा मिळाली तर ताठ मानेनं जायचं. नाही मिळाली, तर लिपिक, अव्वल कारकून, नायब तहसीलदार अशी पायरीपायरीनं वर गेलेली माणसं महसुलात पुष्कळ भेटतील. वेळ लागतो. पण ती माणसं फाइल उघडल्याबरोबर आधी शेवटचं पान बघतात, आणि थेट आलेल्या साहेबांना ते शिकायला वर्ष जातं, असं मला एका निवृत्त नायब तहसीलदारांनी सांगितलं होतं.

माझं मत तुला कळलंच असेल: जा, रुजू हो. पण माझ्या म्हणण्यावरून नको. हे पत्र मिळालं की एक दिवस अभ्यासिका सोड. कुठल्याही तहसील कचेरीत सकाळी दहाला जा आणि लोकांच्या बाकावर दुपारपर्यंत बस. आवक-जावकला काय येतं, काउंटरपलीकडचा माणूस कुणाला काय उत्तर देतो, कोण वैतागतो, कोण दोनदा समजावून सांगतो, हे बघ. मग स्वतःला विचार की त्या खुर्चीवर बसून तुला हे काम चांगलं करता येईल का, आणि करावंसं वाटेल का. उत्तर ‘नाही’ आलं तर लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जाऊन ते बटण दाब, मी एका शब्दानं बोलणार नाही. फक्त दादाला तू स्वतः सांग. त्या कामाला मला मध्ये घालू नकोस.

तुझी,
आत्या