दोहामार्गे जावं की नाही?

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं ह्यूस्टनला निघालोय. तिकिटं मुंबई-दोहा-ह्यूस्टन अशी आहेत. आखातातल्या बातम्यांनी धास्ती वाटते. रद्द करावीत का?

उत्तर : परराष्ट्र मंत्रालयाने कतारचा प्रवास टाळायला सांगितलं असेल, तर मार्ग बदलाच. नसेल, तर घाई नको. २३ जून २०२५ला इराणने कतारमधल्या अल उदेद या अमेरिकी सैन्याच्या तळावर क्षेपणास्त्रं डागली, तेव्हा कतारची हवाई हद्द काही तास बंद होती. विमानं वळवली गेली, प्रवासी ताटकळले. तुमच्या वयाला खरा त्रास या अडकण्याचा आहे, म्हणून तयारी त्याची करा.

संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर आहे ना, हे आधी पाहा. दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान चुकलं, तर दुसरी कंपनी सहसा हात वर करते. आठवडाभराची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी आणि चार्जर हातातल्या बॅगेतच ठेवा. मोठ्या बॅगा तुमच्या हाती लागतीलच असं नाही. विम्याची कागदपत्रं मुलीकडून वाचून घ्या. युद्धामुळे झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं, आणि एजंट हे आपणहून सांगत नाहीत याचा मला राग येतो.

दोह्यातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून घ्या. अडकलात तर विमानतळ सोडू नका, कंपनीच्या काउंटरवर जा. हल्ल्याचे व्हिडिओ काढू नका, पुढे पाठवूही नका. आखाती देशांत त्यासाठी अटक होऊ शकते.