जुन्या स्वेटरची विजार

आमचे गाव निफाड तालुक्यात आहे. आमच्याकडे थंडी फार पडते. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात. माझी आई त्याच बागांत कामाला जाते. तिच्याकडे स्वेटर नव्हता. म्हणून आजीने बाजारातून एक जुना स्वेटर आणला. तेथे एक माणूस ताडपत्रीवर जुन्या कपड्यांचा ढीग घालून बसतो. त्याने ८० रुपये सांगितले. आजीने ६० ला घेतला.

स्वेटरला कुबट वास येत होता. आई घरी यायच्या आत धुऊन ठेवू म्हणून मी बंबातले कढत पाणी घेतले, सोडा टाकला आणि खूप घासला. वाळल्यावर पाहते तर तो एवढासा झाला! आईचा हात बाहीत जाईना. मी लई रडले. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती चादर गुंडाळून कामाला गेली.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घासणे झाले की ते एकमेकांत अडकतात. मग सुटत नाहीत. म्हणून मित्रांनो, लोकर गार पाण्यात धुवावी, पिळू नये. दोरीवर टांगली तर लांबते, म्हणून पसरून वाळवावी. नकली लोकर अशी आटत नाही. एक धागा मोठ्या माणसाकडून चिमट्यात धरून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरते. नकलीची वितळून टणक गोळी होते. आमचा स्वेटर खरा निघाला. मला अजूनच वाईट वाटले.

आजीने तो हातात घेऊन पाहिला. म्हणाली, "अगं, हा तर बुरणुसावानी झालाय." बुरणूस विणत नाहीत, लोकर दाबून दाबून करतात. "आता कुठं बी काप, उसवायचा नाही." साधा स्वेटर कापला तर धागा सुटत जातो. याचा एकही सुटला नाही.

माझा भाऊ आठ महिन्यांचा आहे. त्याच्यासाठी आम्ही विजार केली. दोन्ही बाह्या खांद्यापासून कापल्या. वरचे काठ सरळ केले. प्रत्येक बाही वरून आतल्या शिवणीवर एक वीत उसवली. मग दोन्ही बाह्यांचे उसवलेले काठ एकमेकांना जोडून टीप घातली. बाहीचे मनगट असते ते घोट्यावर घट्ट बसते. कमरेला दुमडून नाडी ओवली. मधल्या भागाची बिनबाह्यांची बंडी झाली. सुई मोठी लागते, बारीक मोडते. आमची एक मोडली.

उरलेल्या तुकड्याचा मी प्रयोग केला. औषधाच्या दोन सारख्या बाटल्या घेऊन आजीकडून त्यांत गरम पाणी भरून घेतले. एक तुकड्यात गुंडाळली, एक उघडी ठेवली. तासाने उघडी गार झाली होती, गुंडाळलेली कोमट होती. लोकर स्वतः गरम नसते. तिच्यात हवा अडकते, म्हणून आतली ऊब लवकर बाहेर जात नाही.

गुरुजींनी आणखी एक सांगितले. हरियाणात पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढतात आणि ब्लँकेटे विणतात. १७६१ ची लढाई झाली तेच हे पानिपत. आजीला हे खरे वाटेना.

भाऊ आता सारवलेल्या जमिनीवर रांगतो तरी त्याचे गुडघे गार पडत नाहीत. आईने त्याला पाहिले तेव्हा ती हसली. पण ती अजून चादरच गुंडाळून जाते. माझ्या डब्यात ३५ रुपये जमले आहेत. बाजार गुरुवारी आहे. उरलेले आजी घालणार आहे. या वेळी पण मीच धुणार. आजी म्हणते, धू, पण मी शेजारी बसणार.