आज्ञा कोणाची मानावी? आकाशातील एक धडा



अंबरनाथ-बदलापूरच्या आकाशातून जाणारी विमाने आपण नेहमी पाहतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे अशीच दोन विमाने आकाशात आदळून ३४९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर भारतात ये-जा करणाऱ्या विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिला 'टीकॅस' म्हणतात.

ही यंत्रणा जवळच्या विमानाला रेडिओ संकेत पाठवून त्याचे अंतर व उंची जाणते. प्रथम ती केवळ सावध करते. धोका वाढल्यास, टक्करीपूर्वी सुमारे २५ सेकंद, 'वर चढा' किंवा 'खाली उतरा' अशी आज्ञा देते. दोन्ही विमानांतील यंत्रे परस्परांशी बोलून एकास वर, दुसऱ्यास खाली पाठवतात. म्हणून एकाने जरी उलट केले, तरी सारा मेळ बिघडतो.

१ जुलै २००२ रोजी जर्मनीतील उबरलिंगेनच्या आकाशात हेच घडले. रशियन विमानास यंत्र 'चढा' म्हणत होते, जमिनीवरील नियंत्रक 'उतरा' म्हणत होता. वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमान यंत्राच्या आज्ञेने उतरतच होते. ७१ जीव गेले. त्यांत बहुसंख्य शाळकरी मुले होती. दोष केवळ वैमानिकांचा नव्हता. आज्ञा परस्परविरोधी असतील तर कोणती मानावी, हे तेव्हाच्या नियमांत पुरेसे स्पष्ट नव्हते. पुढे आंतरराष्ट्रीय नियम सुधारला: अशा वेळी यंत्राचीच आज्ञा पाळावी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईच्या हवाई हद्दीत एअर इंडिया व विस्तारा यांची विमाने धोकादायक जवळ आली. एअर इंडियाच्या महिला वैमानिकाने यंत्राची आज्ञा तत्काळ पाळली. दोन्ही विमाने सुखरूप राहिली.

तथागतांनी कालामांना सांगितले की, कोणी थोर सांगतो एवढ्याने काही मानू नका. मग यंत्राचे निमूट ऐकणे ही अंधश्रद्धा नव्हे काय? नव्हे. तो नियम अधिकाराच्या बळावर आलेला नाही. अपघातांची चिकित्सा करून, पारखून स्वीकारलेला आहे. प्रश्न विचारण्याची जागा जमिनीवर आहे, त्या २५ सेकंदांत नाही. बाबासाहेबांनी घडविलेल्या संविधानाचीही रीत हीच: जवळपास तीन वर्षे चर्चा, मग सर्वांवर सारखे बंधन, आणि चूक दिसल्यास दुरुस्तीची वाट खुली. तेथे कोणाचे पद वा ज्येष्ठत्व नियमाहून मोठे नसते.

विवेकाने नियम घडवावा आणि शीलाने तो पाळावा. दोन्ही हवेत, एकाने भागत नाही.