जीपचें जळलेलें बेअरिंग : आधीं कारण, मग दुरुस्ती

विलीस वंशाच्या जीपगाड्या मुंबईंत जुळविण्यास विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास आरंभ झाला. धड रस्ता नसलेल्या शिवारांतून जाणारी, चढावर न अडणारी व साध्या हत्यारांनीं दुरुस्त होणारी म्हणून ही गाडी पुष्कळ शेतकऱ्यांच्या अंगणीं स्थिरावली. त्या जुन्या गाड्यांपैकीं कित्येक अद्याप खत, बियाणें व घरचीं माणसें वाहत आहेत. अशा गाडीचें पुढचें चाक एके दिवशीं अडकतें, हब हात लावूं देत नाहीं इतका तापतो, आणि मिस्तरी सांगतो कीं बेअरिंग जळलें. नवें आणून बसविलें म्हणजे काम संपलें, अशी बहुतेकांची समजूत असते. आमच्या मतें ही समजूत घातुक आहे. बेअरिंग जळण्यास कांहीं तरी कारण घडलेलें असतें. तें तसेंच राहूं दिलें तर नवेंही त्याच वाटेनें जातें. आणि तें घाटाच्या उतारावर गेलें तर चाकच निखळण्याचा प्रसंग येतो.

रचना.— बैलगाडीचा तुंबा आंसावर थेट घासतो, म्हणून त्यास वरचेवर वंगण द्यावें लागतें. जीपमध्यें तुंब्याच्या जागीं हब व आंसाच्या जागीं स्पिंडल असून, त्या दोहोंमध्यें निमुळत्या रुळांचीं दोन बेअरिंगें असतात. एक आंतल्या बाजूस, एक बाहेरच्या. या जातीच्या बेअरिंगाचें पेटंट अमेरिकेंतील गाड्या बांधणारे हेन्री टिमकन यांनीं १८९८ सालीं घेतलें, तें मुळांत घोड्यांच्या गाड्यांसाठीं. रूळ निमुळते असल्यामुळें गाडीचा भार आणि वळणावर बाजूनें येणारा रेटा असे दोन्ही तें पेलतें. रुळांसह आंतल्या भागास कोन व बाहेरच्या कड्यास कप म्हणतात. कप हबमध्यें ठोकून घट्ट बसविलेला असतो. कोन स्पिंडलवर हातानें सरकतो.

पूर्वचिन्हें.— बेअरिंग एकाएकीं अडकल्यासारखें दिसलें तरी त्यापूर्वीं तें बहुधा सूचना देतें. वेगाबरोबर वाढणारी घरघर ही पहिली सूचना. दुसरी, थोड्या प्रवासानंतर एकच हब इतरांहून अधिक तापणें. मात्र ब्रेक चिकटल्यानेंही असें होतें, म्हणून चाक उचलून हातानें फिरवून पाहावें. तिसरी, चाकांतील ढील. उचललेल्या चाकाचा वरचा व खालचा भाग धरून हालवावा. ढील आढळल्यास दुसऱ्या माणसास ब्रेक दाबावयास सांगावें. ढील नाहींशी झाली तर दोष बेअरिंगाचा. तशीच राहिली तर किंग पिनचा.

उकलणें.— गाडी सपाट व कठीण जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांस पुढून-मागून उटी लावावी, आणि जॅकनें उचलल्यावर आंसाखालीं जाड लांकडी ठोकळे द्यावे. विटा देऊं नयेत. भाराखालीं वीट फुटते. नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं हात घालूं नये. चाक काढल्यावर हबची टोपी, शाफ्टच्या टोकाचा नट अथवा सर्क्लिप व सहा बोल्टांचा फ्लँज काढावा. पातळ शिम निघाल्यास त्या जपून ठेवाव्या. मग बाहेरचा नट, दुमडलेला लॉक वॉशर, आंतला नट व त्यामागचा वॉशर या क्रमानें निघतात. या नटांस मोठा बॉक्स पाना लागतो. छिन्नीनें ठोकून ते फिरविण्याची संवय वाईट. तिनें नटाचे कोपरे जातात आणि पुढें बारीक कसणी साधत नाहीं. ब्रेकची धूळ हवेच्या झोतानें उडवूं नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे व तें फुप्फुसांस घातक आहे. ओल्या फडक्यानें धूळ पुसून तें फडकें टाकून द्यावें.

कोन स्पिंडलवर चिकटला असेल तर त्यास आंच देऊं नये. आंचेनें स्पिंडलचें पाणी उतरतें. कोनाच्या कड्यावर ग्राइंडरनें आडवी खांच जवळजवळ आरपार घ्यावी, परंतु स्पिंडलला पोंचूं देऊं नये. मग त्या खांचेंत छिन्नी ठेवून एक घाव दिला म्हणजे कडें तडकतें. आंट्यांवर हातोडा मारूं नये.

कारणाची परीक्षा.— जुने भाग फेकण्यापूर्वीं उजेडांत न्यावे. रुळांवर गंजाचे ठिपके व ग्रीस दुधाळ असेल तर ओढ्याचें पाणी आंत शिरलें. रूळ निस्तेज व ओरखडलेले असतील तर माती शिरली. या दोहोंत बहुधा ऑइल सील दोषी असतें. ग्रीस पातळ होऊन वाहून गेलें असेल तर आंसांतील तेल झिरपून त्यानें तें धुऊन टाकलें. ग्रीस वाळून कोळशासारखें झालें असेल तर निगा राहिली. आणि सील शाबूत असून सर्व भाग सारखे निळे पडले असतील, तर नट फाजील कसला गेला असण्याचा संभव अधिक. स्पिंडल निळा पडला किंवा झिजला असेल तर तोही बदलावा. बोल्ट काढले कीं तो सुटा होतो. झिजलेल्या स्पिंडलवर टोंचे मारून कोन घट्ट बसविण्याची युक्ति कांहीं ठिकाणीं करितात. ती आम्हांस मान्य नाहीं. ते टोंचे थोड्याच दिवसांत झिजतात.

बसविणें.— कोन व कप हे जोडीनेंच बदलावे. जुन्या कपावर नवा कोन लवकर खराब होतो. विलीस वंशाच्या जीपमध्यें पुढच्या चाकास बहुधा १८५९० क्रमांकाचा कोन व १८५२० क्रमांकाचा कप आढळतो. तथापि आपल्या गाडीच्या भागावर कोरलेला क्रमांकच प्रमाण मानावा. जुना कप पितळी दांड्यानें आळीपाळीनें समोरासमोर ठोकून काढावा. नवाही तसाच सरळ ठोकावा. तो तळाशीं टेकला म्हणजे घावाचा आवाज बदलतो. व्हील बेअरिंगसाठीं असलेलें लिथियम ग्रीस तळहातावर घेऊन, कोनाची रुंद बाजू त्यावर दाबीत, रुळांमधून दुसऱ्या बाजूस निघेपर्यंत भरावें. साधें चुन्याच्या साबणाचें ग्रीस सुमारें १०० अंश सेंटिग्रेडला पातळ होतें, लिथियमचें त्याहून पुष्कळ अधिक उष्णता सोसतें. दोन जातींचें ग्रीस मिसळूं नये, व हबची पोकळी गच्च भरूं नये. ऑइल सील दर वेळीं नवें घालावें व त्याची ओठाची बाजू बेअरिंगाकडे ठेवावी.

नट कसणें.— सर्व श्रमाचें फळ या एका कृतींत आहे. चाक हातानें फिरवीत आंतला नट चाक जड होईपर्यंत कसावा, मग सुमारें एक षष्ठांश फेरा मागें घ्यावा. चाक मोकळें फिरावें, पण बाजूस हालूं नये. लॉक वॉशर घालून बाहेरचा नट कसल्यावर पुन्हां तपासावें, कारण त्या कसण्यानें मोजमाप बदलतें. तें ठीक ठरल्यावरच वॉशर दुमडावा. पुढें आठदहा किलोमीटर गाडी चालवून हबला हात लावावा. तो कोमट असावा. हात ठेववत नसेल तर पुन्हां उकलावें.

पावसाळा संपतांच दरवर्षीं, आणि हब पाण्यांत बुडाल्यास त्या आठवड्यांतच, बेअरिंग उघडून नवें ग्रीस भरावें. चार चाकांस यासाठीं लागणारा एक दिवस वायां गेला असें कोणीं मानूं नये. नांगराचा फाळ मोडला तर काम अडतें. गाडीचें चाक निखळलें तर आंत बसलेलीं माणसें जातात. म्हणून मिस्तरीनें नवें बेअरिंग हातीं घेतलें कीं शेतकरी बंधूंनीं त्यास प्रथम हेंच विचारावें, कीं जुनें कशानें जळलें ?