गोचीड : रुग्णेतिहासातील राहून जाणारा प्रश्न

देवळाली प्रवरा परिसरात उसाइतकाच संकरित गायींचा गोठाही परिचयाचा आहे. गोचीड हा केवळ पशुवैद्यकाचा विषय, असे आपण मानतो; ते पुरेसे नाही.

हायलोमा अनाटोलिकम ही कठीण कवचाची गोचीड होय. अळीस सहा, प्रौढेस आठ पाय असतात. रक्त पिऊन फुगलेली मादी गोठ्याच्या भेगांत हजारो अंडी घालते. ती गायींत थायलेरियासिस पसरवते. क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ज्वराचा विषाणूही तिच्याद्वारे मानवात येतो. भारतात या ज्वराचे पहिले निदान जानेवारी २०११ मध्ये गुजरातेतील रुग्णांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले.

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कीटविषांस स्वतंत्र अध्याय आहे. तीच दृष्टी ठेवून ज्वरी गोपालकास गोचीड चावली काय, हाताने चिरडली काय, हे आपण अवश्य विचारावे. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल वा चटका नको. तीव्र ज्वरासह रक्तस्राव दिसल्यास केवळ रक्तपित्त समजून वेळ दवडू नये. रक्तमोक्षण सर्वथा टाळावे, हातमोजे वापरावेत आणि रुग्णास तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे. येथे विलंब हाच अपथ्य होय.